कार्ड येईपर्यंत आंबा नाही

प्रसादला हे माहीत नाही. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे 'मग नवरा काय म्हणाला?' असं तुम्ही मध्येच विचारणार नाही. नवऱ्याला माहीत नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत नाही, आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं तिला तर — थांबा, तिथे येतेच मी. जरा फिरून येते, चालेल ना? थेट सांगायला गेलं की माझी जीभ अडते. इतकी वर्षं अडलीच आहे.

आम्ही टोकियोत निशी-कसाईला राहतो. स्टेशनबाहेर कढीपत्ता मिळतो आणि लिफ्टमध्ये कुणीतरी फोनवर मराठीत भांडत असतं, अशी आमची जागा. प्रसाद सॉफ्टवेअरमध्ये, मी एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्सला. आमच्या लेकीला, सईला, मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर देते, आणि जपानीत विचारलं की उत्तरच देत नाही. घरात मोठ्यांपैकी जपानी नीट येणारी मी एकटी. बँक, शाळा, वॉर्ड ऑफिस, डॉक्टर — सगळीकडे मीच बोलायचं आणि घरी येऊन मीच सांगायचं, ते काय म्हणाले. मी सांगेन ते खरं. हे लक्षात ठेवा.

प्रसादचं घर रत्नागिरीच्या बाजूला, लहानशा गावात. घरामागे हापूसची काही कलमं आहेत. सासरे कधीच गेले. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, वर्षभर एकट्या राहतात, पण मे महिन्यात त्या घरात पाय ठेवायला जागा नसते. नणंदा, दीर, भाचरं, कुणाकुणाचे मित्र. माळ्यावर गवतात आंब्यांची आढी लावलेली असते आणि आई नुसत्या वासावरून सांगतात — हा आज, हा परवा, याला हात लावाल तर याद राखा. सगळ्यांचं झालं की दुपारी त्या मागच्या पायरीवर बसतात, पदर खोचतात, पुढ्यात पातेलं घेतात, आणि म्हणतात, "आता मला कुणी हाक मारायची नाही." मग अर्धा तास आई आणि आंबा. कोपरापर्यंत रस ओघळतोय, डोळे मिटलेले. इतकं मनापासून काही खाणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या मेमध्ये मी हे चोरून बघितलं आणि मला ही बाई आवडली. खरंच आवडली. त्या मला कधी टोचून बोलल्याचं आठवत नाही.

हे मुद्दाम सांगतेय. म्हणजे सासू छळत होती म्हणून सुनेने केलं, असं तुम्ही माझ्या वतीने ठरवायला नको.

त्या वर्षी आम्ही प्रसादच्या पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज केला होता. इथे सगळे पीआर म्हणतात. आईंचा एक भाचा अमेरिकेत असल्यामुळे आई त्यालाही 'हिरवं कार्ड' म्हणायच्या. अर्ज केला की निकालाला किती महिने लागतील ते कुणीच सांगू शकत नाही. आणि दर वर्षी गोल्डन वीकला, म्हणजे इथल्या मेच्या सुरुवातीच्या सुट्टीला, रजा जोडून आम्ही गावाला जायचो. तेव्हा प्रसाद म्हणाला, अर्ज अडकलेला असताना देशाबाहेर गेलेलं चालतं का, जरा विचारून घे.

विचारलं मी. आमचे कागद करणारे ओकुमुरा-सान म्हणून एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांना ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला. ते म्हणाले, पंधरा दिवसच ना? खुशाल जा. महिनोन्‌महिने राहू नका, रेसिडेन्स कार्ड जवळ ठेवा आणि विमानतळावरच्या कागदावर 'परत येणार' या चौकोनात खूण करा. आणि हसून म्हणाले, तुमच्या सासूबाई वाट बघत असतील.

मी आभार मानून फोन ठेवला. आणि संध्याकाळी घरी येऊन प्रसादला सांगितलं — नको म्हणाले. निकाल येईपर्यंत देशाबाहेर पडू नका म्हणाले.

झालं. एवढंच. इतक्या सहज बोलले मी की माझं मलाच आश्चर्य वाटलं. कांदा चिरत होते, तो चिरतच राहिले.

का? मला झोपायचं होतं हो. दुसरं काही नाही. ते वर्ष ऑफिसमध्ये फार वाईट गेलं होतं, आणि मला ते अठरा माणसांचं चहापाणी, ती नमस्कारांची रांग, 'काय गं, बारीक झालीस' — काही नको होतं. पडदे ओढून चार दिवस लोळायचं होतं. मग तसं म्हणायचं ना! 'मी दमलेय, तू आणि सई जा' म्हटलं असतं तर प्रसाद गेला असता, आणि आईंनी माझ्यासाठी वाळवलेल्या आमरसाची साटं पाठवली असती. पण मग न येणारी मी ठरले असते. मला यायचं नव्हतं आणि वाईटपणाही नको होता. तो मी जपानच्या सरकारवर ढकलला.

प्रसादचा चेहरा पडला. पण माझ्यावर अविश्वास? त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याने आईंना फोन लावला, आणि आई म्हणाल्या, "अरे, त्यात काय एवढं? तुम्हाला सोडत नाहीत तर मी येते."

सत्तरी ओलांडलेली बाई. विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलेलं. आंबे उतरवून, वाटून, घराची किल्ली शेजारी देऊन त्या मेअखेर एकट्या आल्या. सामानात कोकम, कुळथाचं पीठ, आंब्याची साटं. विमानतळावर मला बघून त्यांनी काय करावं? माझ्याच गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "कशी गो अडकून पडलात!"

तेव्हा सांगायला हवं होतं ना? हो. पण सामान होतं, गर्दी होती... काही नव्हतं. मी सांगितलं नाही.

आईंनी आमचं घर दोन दिवसांत ताब्यात घेतलं. सईला त्यांनी मुटके करायला शिकवलं, सईने त्यांना कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानात बिल द्यायला. खालच्या मजल्यावरच्या जपानी आजी आणि आई एकमेकींच्या भाषेचा एक शब्द येत नसताना रोज गप्पा मारायच्या, आणि वर येऊन आई मला त्या आजींच्या सुनेचं सगळं सांगायच्या. ते कसं कळायचं, देव जाणे. मी ऑफिसातून आले की माझ्यासाठी आल्याचा चहा तयार असायचा. 'दमतेस गो तू फार,' म्हणायच्या. मला झोप हवी होती ना? रविवारी त्या सईला घेऊन बाहेर जायच्या, मी झोपावं म्हणून.

देशी दुकानात हंगामातली शेवटची हापूसची पेटी आली होती. महाग होती, तरी मी मोठ्या हौसेने घेऊन आले. आईंनी एकेक आंबा नाकाशी धरला, वर्तमानपत्रावर मांडला, आज कुठला आणि उद्या कुठला ते ठरवलं, सईला फोडी करून भरवल्या. स्वतः एकही खाल्ला नाही. म्हणाल्या, हल्ली उष्ण पडतो. मला वाटलं, वय झालं.

मग ती संध्याकाळ. आमच्या इमारतीमागे बाग आहे. मुलं खेळतात आणि भारतातून आलेले आईवडील बाकांवर बसून आपापल्या मुलांची कौतुकं सांगतात. मी स्टेशनवरून सायकल ढकलत येत होते. आईंची पाठ माझ्याकडे होती. शेजारी पुण्याच्या एक काकू. त्या म्हणत होत्या, "पण आमच्या निखिलचा अर्ज अजून तिथेच आहे, तरी तो लग्नाला येऊन गेला की! कुणी काही अडवलं नाही."

माझे पाय जागीच थांबले. मला वाटलं, सुटले. खरं सांगते, पहिल्यांदा तेच वाटलं — आता हे आपोआप बाहेर पडेल, मला बोलावं लागणार नाही.

आणि आई म्हणाल्या, "तुमचं वेगळं असेल. आमच्या सुमेधाने स्वतः विचारलंय वकिलांना. तिला जपानी येतं. इकडचा शब्द तिकडे करायची नाही ती." आणि मग जरा हळू, लाजल्यासारखं, "मी तर गणपतीला सांगून आंबा सोडलाय. यांचं कार्ड येईपर्यंत आंबा नाही. अहो, पोरं अशी कोंडल्यासारखी राहायची म्हणजे..."

आई. आणि आंबा सोडला. घरामागे कलमं, माळ्यावर आढी, आणि ही बाई दुपारी त्या पायरीवर नुसतीच बसली असेल का त्या मेमध्ये? की बसलीच नसेल?

मी पुढे गेले. आईंनी हसून माझ्या हातातली पिशवी घेतली. आम्ही दोघी घराकडे चालत निघालो, सई पुढे पळत. मी तोंड उघडलं. शब्द तयार होते — आई, मी खोटं बोलले. एवढेच. आणि मी काय म्हणाले, माहितीय? "आई, उद्या प्लास्टिकच्या कचऱ्याचा वार आहे हं."

"हो गो, मी वेगळा काढून ठेवलाय," त्या म्हणाल्या.

पहिलं खोटं मी थकव्यापायी बोलले म्हणा हवं तर. पण हे? इथे मी थकलेली नव्हते. इथे मी भित्री होते. माझ्या एका वाक्याने त्यांचा आंबा त्यांना परत मिळाला असता, आणि मला माझं नाव जपायचं होतं. 'इकडचा शब्द तिकडे करायची नाही ती' — ते वाक्य मला सोडवेना. इतकं गोड होतं ते ऐकायला.

दुसऱ्या वर्षीच्या मेपर्यंतही निकाल आला नाही. तेव्हा मला मनापासून गावाला जायचं होतं, आणि जाता येत नव्हतं, माझ्याच पायी. एकदा प्रसादला म्हटलं, पुन्हा विचारून बघू का ओकुमुरा-सानना? तर म्हणाला, "तू विचारलंयस ना, मग झालं." व्हिडिओ कॉलवर आई आढी दाखवायच्या, भाचरांना कापून द्यायच्या, बोटंसुद्धा धुऊन टाकायच्या, चाटायच्या नाहीत. मी सईच्या मागे उभी राहून ते बघायचे.

कार्ड आलं ते त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. आईंनी देवापुढे साखर ठेवली. आंबे तर संपलेले. म्हणाल्या, "आता पुढच्या मेला ये. तुझ्याबरोबर खाईन." आणि त्या हिवाळ्यात त्यांची साखर वाढलेली निघाली. चांगलीच वाढलेली. डॉक्टरांनी जे जे बंद केलं त्यात आंबा होता.

म्हणजे ते दोन मे होते ना, तेच शेवटचे होते, पातेलं घेऊन बसायचे. ते मी घेतले.

गेल्या मेमध्ये आम्ही गेलो. सगळं घर भरलेलं. आईंनी माझ्यासाठी आढीतून स्वतः निवडून एक आंबा काढला आणि मला मागच्या पायरीवर बोलावलं. स्वतः कापला. एक पातळ फोड देवाचं नाव घेऊन तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि लगेच उघडून हसायला लागल्या — "देवाने सोडलं नि डॉक्टरने धरलं बघ!" तेवढ्यात नणंद आली, तर तिला सांगतात, "हिनं सगळं नियमाने केलं म्हणून झालं हो कार्ड."

मग उरलेला आंबा माझ्यापुढे सरकवला. पदराने हात पुसले, गुडघ्याला मिठी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "तू खा. मी बघते."

मी खाल्ला. सगळा. त्यांनी विचारलं, गोड आहे ना गो? मी म्हटलं, हो आई. फार गोड आहे.