बयूमीकाकांची पाणथरी

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या मेडिकल कॉलेजात बयूमीकाका गेली अठरा वर्षं पेशंट होते. तसे ते चांगले ठणठणीत. पण लहानपणी कालव्यात डुंबडुंबून जो रोग कमावला, त्यानं त्यांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून डाव्या बरगडीखाली चार बोटं उतरलेली. म्हणून दरवर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला त्यांना खाटेवर मानाचं बोलावणं. त्या दिवशी दाढी, धुतलेला पायघोळ झगा, म्हणजे गलाबिया, अत्तर. नवरदेवच जणू!

पण म्हातारा वस्ताद. येऊन सलाम करील त्या पोराला सगळं खरं सांगायचा. जो मुकाट्यानं पोटाला हात घालील, त्याच्यापुढे उजवी बाजू धरून असा विव्हळायचा, की पोरगं यकृत चाचपत बसायचं आणि नापास व्हायचं.

यंदा डॉक्टर इन्शिराह नव्या परीक्षाप्रमुख झाल्या. त्यांनी जुने गुण काढून मांडले. बाकी खाटांवर पहिली आलेली पोरं काकांच्या खाटेवर सपशेल आपटलेली!

"काका, काय हा वात्रटपणा? परीक्षा सगळ्यांना सारखी हवी."

"सारखीच आहे की! सलाम केला, पास."

"अहो, आम्ही रोग ओळखता येतो का ते बघतो, सलाम नाही."

"मग कसले कर्माचे डॉक्टर घडवता?"

बाईंनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. "ही सफीनाज. तुमच्या खाटेवर वर्ष गेलं तिचं. उद्धट नाही हो, भित्री आहे. परीक्षेत दातखीळच बसते तिची."

लाज वाटली काकांना, चक्क लाज. "पोरीचं वर्ष खाल्लं मी," ते पुटपुटले.

"शेवटची संधी देते. सगळ्यांशी एकसारखं बोलायचं. एक शब्द कमीजास्त झाला, तर पुढच्या वर्षी दुसरा पेशंट."

परीक्षेला नेमकी पहिली सफीनाजच आली. ओठ कोरडे, सलामाचा पत्ता नाही. अठरा वर्षांत कधी आधी तोंड न उघडलेले काका उठून बसले.

"अस्सलामु अलैकुम, बाळ. घाबरू नकोस. डावीकडं बघ, बरगडीखाली. पाणथरी आहे."

इन्शिराहबाईंनी कपाळाला हात लावला. "काका!"

"आता काय चुकलं? सगळ्यांना हेच सांगतो."

आणि सांगितलं, उरलेल्या एकोणचाळीस जणांना. झाडून सगळी पोरं पास. इतके जुळते गुण त्या कॉलेजानं जन्मात पाहिले नव्हते. बाई चडफडल्या, पण काकांना काढायला त्यांना कारणच सापडेना. एक शब्दही कमीजास्त झाला नव्हता.