सतराव्या मिनिटाला सासूबाई

माझ्या पायांत किती वॅट आहेत हे न कळताही मी सत्तेचाळीस वर्षं सुखात काढली होती. मग मी सायकलीला पॉवर मीटर बसवला. वीस मिनिटं जीव तोडून पेडल मारायचं, मध्ये थांबायचं नाही. जी सरासरी येईल ती आपली लायकी. माझी एकशे चाळीसवर अडायची. (घरच्या मिक्सरची पाचशे आहे.)

त्या दिवशी बोईसरहून चाचणीला निघालो, तर बायकोने, सुनंदाने, दारातच बजावलं, "आई कोळगावला कचेरीच्या गेटपाशी उभी राहणार हाय. तिला रिक्षात बसवून घरी आणायची. बारशातल्या मानपानावरून वर्षभर रुसलेली, आता कुठं दोन दिवस यायला तयार झालीय. घोळ करू नका!"

चाचणी गेटपाशीच संपेल असा माझा अंदाज होता. पण गेट सतराव्या मिनिटालाच आलं! (वाऱ्याची कृपा.) आकडा एकशे अठ्ठेचाळीस! आयुष्यात पहिल्यांदा! आणि समोर सासूबाई, चक्क हसऱ्या.

"अवो जावईबापू, आमी इकडं हाय!"

"आई, तीनच मिनिटं!" मी ओरडलो आणि मान खाली घालून पुढे गेलो. सांगायला लाज वाटते, पण गेलो.

परत आलो तर गेटवर फक्त पहारेकरी. "त्या मासवणला घरी परत गेल्या, रिक्षानं. बोलल्या, जावयानं तोंड फिरवलं."

(म्हणजे ती रिक्षा माझ्या समोरूनच गेली होती, आणि मी आकडा बघत होतो!)

आता सुनंदाला काय सांगणार? सायकल वळवली आणि पालघर ओलांडून मासवणकडे जाणाऱ्या मनोर रस्त्याला लागलो. रिक्षा दिसताच "आई! आई!" सुरू केलं. रस्त्यावरच्या बायका हळहळल्या, "एवढा बाप्या, आन आईसाठी रडतो!"

पुढच्या नाक्यावर आणखी एक प्रवासी घ्यायला रिक्षा थांबली, तेव्हा कुठे गाठली. माफी मागायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली.

सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. राग पळालाच. "देवा रे! सुनी तुमाला खायला घालते का नाय?"

"आई... पॉवर... वाढवतोय..."

"तुमच्यानं व्हायचं नाय. मी वाढवते. पॉवर आल्याशिवाय हालत नाय मी!"

याला आता तीन महिने झाले. सुनंदा खूश आहे. मी रोज सकाळी जिवाच्या आकांताने पेडल मारतो आणि घरी येऊन नाचणीचे लाडू खातो. सासूबाई आकडा विचारतात. मी थकून सांगतो, "एकशे अडतीस."

त्या मान हलवतात आणि सुनंदाला हाक मारतात, "सुनी, दिवाळी पन मी इकडंच करते गो!"