सरासरीत न बसलेला खुबा

विदाद संतापली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. सफाक्स शहरातल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ते ठाऊक होतं.

शेकडो माणसांच्या खुब्यांच्या प्रतिमा जमवून तिथे एक सरासरी आकार घडवला होता. नव्या रुग्णाच्या धूसर प्रतिमेवर संगणक तो आकार ताणूनतुणून बसवी आणि हाडाची कड आखून देई. विदादची उमेदीची वर्षं त्यात गेली होती.

त्या आठवड्यात तिच्या मावशीची, झकिया खालाची, प्रतिमा आली. खोबण खोल, मांडीच्या हाडाचा गोळा नीट आत, कड देखणी. सर्जन नाईलाबाईंनी ऑपरेशन नाकारून दुखण्यावर गोळ्या दिल्या.

"तुझ्या यंत्राला म्हणावं, ऑलिव्ह वेचायला बस माझ्याबरोबर," खाला म्हणाली. "मग उठून दाखव."

विदादने आखलेली कड पुसली आणि नुसती प्रतिमा पाहिली. खोबण बशीसारखी उथळ होती, गोळा अर्धा बाहेर. संगणकाने समोरचं हाड आखलंच नव्हतं. त्याला माहीत होतं ते आखलं होतं.

असे खुबे तिने स्वतः जमवले होते. तान्हेपणी पाय सरळ करून घट्ट गुंडाळल्याने खोबण उथळ राहिलेल्या, खेड्यातल्या बायकांचे. सरासरीत त्यातला एकही नव्हता.

"मीच वगळले ते," विभागप्रमुख लमजद म्हणाले. "ते घेतले की आकार बिघडतो. आता किती सुबक आलाय बघ."

"मुलांना गुंडाळायचंच ज्या मुलखात, तिथे हे अपवाद?"

"मलाही गुंडाळलं होतं. माझे पाय ठणठणीत आहेत."

"म्हणून तुम्ही सरासरीत आहात," विदाद अगदी हळू म्हणाली, आणि प्रतिमा घेऊन नाईलाबाईंकडे गेली.

बाईंनी आधीची रेघ शेजारी ठेवून पाहिलं. "मग मला दाखवलेली रेघ कोणाच्या खुब्याची?"

"कोणाच्याच नाही."

"आणि मी परत पाठवलेल्या बाकीच्या बायका?"

विदादने त्यांची नावं लिहायला वही उघडली.

"उद्यापासून तुमची रेघ माझ्या टेबलावर नको. त्या सगळ्यांना बोलवा. नुसत्या प्रतिमा आणा." त्यांनी झकियाच्या गोळ्यांवर काट मारून ऑपरेशन लिहिलं.

बाहेर बाकावर खाला पाय लांब करून बसली होती. विदादने सांगितलं. तिला वाटलं, खाला हात धरेल.

"मी लंगडत आले तेव्हा खोटी," खाला म्हणाली. "फोटो बोलला तेव्हा खरी. चल, उठव मला."