लाल चिंधीची ओळ

नवरा गेला त्याच साली मी जळगावबाहेरच्या एका रोपवाटिकेत कामाला लागले. माती चाळायची, पिशव्या भरायच्या, उन्हात पाणी घालायचं. गुलाबाला डोळा भरायचं काम मात्र गड्यांचं. रानगुलाबाच्या खुंटाला चीर द्यायची, तिच्यात चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बसवायचा, वर पट्टी गुंडाळायची. ते काम सावलीत, पोत्यावर बसून. मला ते पाहिजे होतं.

मुकादम म्हणे, "अक्का, रांडाव बाईना हातनं डोळा जगस नही."

मी म्हटलं, "भाऊ, मना हातनं तीन पोरं जगनात. डोळाले काय ठाऊक, कोन रांडाव शे?"

बाया हसल्या. तो नाही हसला.

त्या साली मालकानं खुंटासाठी थंड मुलखातला विलायती रानगुलाब आणला होता. वाकडे खुंट उकिरड्यावर टाकले, आपल्या उन्हात मरतीलच म्हणून. मी मालकाला विचारून दहा-बारा उचलले, कुंपणाशी लावले. रुजल्यावर जेवणाच्या सुट्टीत डोळे भरले, ब्लेडच्या तुकड्यानं. बोटं कापली, कापू दे.

मुकादमानं माझ्या ओळीला लाल चिंधी बांधली. विधवेची ओळ, कोणी शिवू नका.

कोणी शिवलंच नाही. तिकडं गडी रोज आपापल्या पट्ट्या सोडून बघायचे, डोळा हिरवा आहे का. हवा लागून त्यांचे निम्मे डोळे काळे पडले.

तीन आठवड्यांनी मालक आला, माझ्या पट्ट्या त्यानं स्वतः सोडल्या. सगळे डोळे हिरवे. मग म्हणाला, "बठ्ठा जित्ता शेतस."

मुकादमानं शेवटचं झाड दाखवलं. "याले डोळाच नही."

"तो मी भरेलच नही, भाऊ. खुंट जसा शे तसा राहू द्या."

मालकानं मला पोत्यावर बसवलं. चाकू मात्र मुकादमालाच माझ्या हातात द्यावा लागला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या न भरलेल्या खुंटाला फुलं आली. पाचच पाकळ्या, फिकट गुलाबी, बाजारात कोणी विचारणार नाही अशी. एक तोडून मी अंबाड्यात खोवलं नि कामावर गेले. नवरा गेल्यापासून डोक्यात फूल नव्हतं.

मुकादम बघत राहिला. "अक्का, हाई शोभस का?"

मी डोळा भरत होते. पट्टी गुंडाळून झाली, मग म्हटलं, "पुढला खुंट द्या, भाऊ."

त्यानं दिला.