शोभादर्शकासाठी बांगड्यांच्या काचा

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण लेकाची विज्ञानाची पुस्तकं मी त्याच्याआधी वाचायचे आणि त्यातले प्रयोग ओट्यावर करून बघायचे. त्या नादात किती वेळा दूध उतू गेलं, ते विचारू नका. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आम्ही विठ्ठलवाडीला चाळीत राहत होतो. जवळच्या प्राथमिक शाळेतल्या मोठ्या बाईंच्या हे कानावर गेलं आणि त्यांनी मला शनिवारचा शेवटचा तास दिला. अट एकच, मुलांनी हातांनी काहीतरी करायचं, मी नुसतं बोलायचं नाही. माझ्यासाठी ही अट जरा अवघडच!

तिसरीच्या वर्गाकडून शोभादर्शक करून घ्यायचं ठरवलं. नळीत आरशाच्या तीन पट्ट्या, टोकाला रंगीत काचा. डोळा लावून नळी फिरवली की नक्षी बदलत राहते. पुठ्ठ्याच्या नळ्या कापडाच्या दुकानातून मिळाल्या. पट्ट्यांसाठी उल्हासनगरच्या सिंधी काचवाल्याकडे गेले, तर म्हणाला, "माई, ये तो कचरा है, ले जाओ. बस, बच्चों का हाथ मत कटवाना." घरी बसून एकेक कड घासली, चिकटपट्टी लावली. राहिल्या रंगीत काचा. तर मी मुलांना खुशाल सांगितलं, "पुढच्या शनिवारी घरून फुटक्या बांगड्या आणा."

सोमवारीच शाळेतून बोलावणं आलं. तीन-चार आया माझी वाटच बघत होत्या. त्यातली एक तावातावाने म्हणाली, "अहो काकी, काय शिकवता पोरांना? काल जेवताना आमची पोरगी सासूबाईंच्या देखत मला विचारते, 'आई, तुझ्या बांगड्या कधी फुटणार?' सासूबाईंचा घास हातातच राहिला!"

मला हसू आलं, ते गिळलं. चूक माझीच होती. बांगडी पिचली तर आपण 'वाढवली' म्हणतो, नवऱ्याच्या आयुष्याशी तिचं नातं जोडतो. तुकडे घरात कोण ठेवतं? मला का हे माहीत नव्हतं? पण प्रयोगाच्या भरात डोक्यातूनच गेलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत यांची समजूत काढा. नाहीतर मला तास बंद करावा लागेल."

त्या एका तासासाठी मी आठवडाभर जगायचे हो.

गुरुवारी चाळीत कासारीण आली बांगड्या भरायला. शेजारणीला भरताना एक पिचली, कासारणीने तुकडे सहज आपल्या टोपलीत टाकले. मी विचारलं, "मावशी, यांचं काय करता?"

"काय करणार? हातात चढायच्या आधीच गेल्या, त्या कुणाच्याच न्हाईत."

मी डबाभर तुकडे मागून घेतले.

शनिवारी त्या आया वर्गाच्या दारात हाताची घडी घालून उभ्या. मी आधी डबा त्यांच्यापुढे धरला आणि कुठून आणला ते सांगितलं. तावातावाने बोलणारीने दोन तुकडे उलटसुलट करून पाहिले. "नक्की कुणाच्या हातातल्या नाहीत ना?"

"कासारणीला विचारा."

"मग ठीक आहे."

मुलांनी नळ्या जोडल्या आणि खिडकीकडे धरल्या. काय तो गलका! त्या बाईच्या लेकीने नळी आईला दिली. आईने डोळा लावला, तो काढीचना. लेक पदर ओढतेय, "आई, आता माझी बारी!"

"थांब गं, आत्ता कुठे फूल दिसतंय." मग नळीतून डोळा न काढताच मला म्हणाली, "काकी, यापुढे घरून काही मागवायचं तर आधी आम्हाला विचारा."

"पुढच्या शनिवारी प्रयोगाला हळद लागेल. चालेल?"

"हळदीला कोण नाही म्हणतंय! वाटीभर देते पाठवून."

मोठ्या बाईंनी ते ऐकलं आणि वेळापत्रकात माझा तास तसाच ठेवला.