आईला भरलेली थंडी

मी वाशीजवळच्या पावणे गावातल्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये होतो. भूत, भानामती, अंगारे-धुपारे... असलं कोणी सांगायला लागलं की मी सरळ विचारायचो, "सॅम्पल आणलंय का?" त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

नव्वदच्या दशकातली, आमच्या बोनकोडे गावातली गोष्ट. धाकटा भाऊ रमेश डोकेदुखीने हैराण, एक डोळा पुढे आलेला. वाशीच्या हॉस्पिटलात कळलं — नाकामागून बुरशी मेंदूपर्यंत चढलीय. लोणच्याला लागते ती बुरशी... माणसाच्या मेंदूत! ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "निघाली तेवढी काढली. उरलेली औषधानेच मरेल. पण औषध जहाल आहे, किडनीवर जातं. सोसलं नाही तर थांबवावं लागेल, आणि मग माझ्याकडे दुसरं काही नाही."

काळ्या कागदात गुंडाळलेली ती बाटली रोज दुपारी लागायची. पहिल्याच दिवशी रमेशला अशी थंडी भरली की खाट खडखडायला लागली. "बंद करा... मरू द्या मला," म्हणाला. मी बाहेर जाऊन रडलो.

दुसऱ्या दिवशी आई आली. पट्ट्या बांधलेल्या त्याच्या तोंडावरून हात फिरवून तिने स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "माजे पोराची सगली पीरा मना लागूंदे." पोराची पीडा आपल्याला लागू दे म्हणत आया अलाबला घेतातच, त्यात काय एवढं!

त्या दुपारपासून रमेश थंडीने कापला नाही. सिस्टर चक्रावली. "इस दवा में तो सबको थंडी लगता है..."

घरी मात्र बायको सांगायला लागली — आई भर मे महिन्यात दोन गोधड्या घेऊन कुडकुडतात. मलेरिया असणार म्हणून मी रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही.

मग एकदा औषध मुंबईहून वेळेवर आलंच नाही. बाटली संध्याकाळी लागली. घरी मी कोणालाही कळवलं नव्हतं. परतल्यावर बायकोला सहज म्हणून विचारलं, आईला आज थंडी कधी भरली.

"दुपारी तं चांगल्या कोलंबी सोलत बसल्या व्हत्या. दिवेलागनीला कापाय लागल्या."

मी तसाच आईजवळ गेलो. "आई, उद्या मोठ्या डॉक्टरकडे चल," म्हटलं.

"मना काय नाय झाला. त्याचा औषध चालू हाय ना? मंग झाला."

कोर्स पूर्ण झाला. रमेशच्या स्कॅनमध्ये बुरशी दिसेना. आम्ही गावभर पेढे वाटले, आणि त्याच आठवड्यात आईचे पाय सुजले. दोन्ही किडन्या निकामी. रमेशच्याच डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून विचारलं, "यांना कुठलं जहाल औषध चालू होतं का?"

तापाच्या गोळीपलीकडे आईने आयुष्यात काही घेतलं नव्हतं. पावसाळा सरायच्या आत ती गेली.

रमेश आज धडधाकट आहे. पाहुण्यांत बसला की हमखास सांगतो, "पहिला दिवस सोडला, तर मला ते औषध जराही बाधलं नाही. काय दादा?"

मी हो म्हणतो. त्याला अजून सांगितलेलं नाही.