बटणांचा डबा

इस्त्रीवाल्याच्या दुकानात दोन माणसं मावायची; तिसरं आलं की एकाने रस्त्यावर उतरायचं. तो इस्त्री करायचा, बायको स्टुलावर बसून घड्या घालायची. घडी घालता घालता कुणाच्या शर्टाचं बटण गळालेलं दिसलं, की डब्यातून जुळतं बटण शोधून मुकाट्याने लावून टाकायची. न सांगता आणि फुकट.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस," तो चिडवायचा. "उद्या लोकांना अंघोळी घालून कपडेही चढव!"

"चढवीन की," ती दातांनी दोरा तोडत म्हणायची. "ऐन घाईत बटण नसलं, की सकाळीच चेहरा पडतो हो माणसाचा. आपलं काय जातं, दोन टाके."

खरं सांगायचं, तर त्याला ती जरा खुळीच वाटायची.

मग तिला ताप चढला. दवाखान्यात नेताना ती त्याला धरून चालत होती, तेव्हा त्याच्या शर्टाचं वरचं बटण तिच्या हातात तुटून आलं. तेवढ्या तापातही तिने ते त्याच्या खिशात घातलं. म्हणाली, "आल्यावर लावते." ती आलीच नाही.

त्याने पुन्हा दुकान उघडलं. पोट कुणाला चुकलंय? गिऱ्हाइकं कपडे टाकत होती, नेत होती. रिकाम्या स्टुलाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही आणि त्यालाही आपणहून सांगवेना. त्याला राग आला, तोही तिचाच. जन्मभर पालथ्या घड्यावर पाणी ओतलंस, बाई! त्या तिरमिरीत त्याने बटणांचा डबा कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

त्याच दुपारी मागच्या गल्लीतल्या नर्सबाई आल्या. आदल्या दिवशी नेलेला पांढरा कोट त्यांनी टेबलावर ठेवला आणि चाचरत विचारलं, "वहिनींना बरं नाही का?"

"कुणी सांगितलं?"

त्यांनी बटण तुटलेली जागा दाखवली. "रात्रपाळी करून आलं की सुई धरायचं त्राण नसतं हो. त्या लावून ठेवायच्या. कधी बोलले नाही मी, पण कोट घालताना दर वेळी आठवण यायची त्यांची. काल तो तसाच परत आला आणि काळजात धस्स झालं."

"गेली ती," तो म्हणाला, आणि इतके दिवस कोरडा राहिलेला तो माणूस तिथेच हमसून हमसून रडला.

जरा वेळाने त्याने टोपलीतून डबा काढला.

"आणा, मी लावते," नर्सबाई म्हणाल्या.

"नको. तेवढा दोरा ओवून द्या."

बोटाला सुई टोचली, बटण वाकडं बसलं. नर्सबाई तोच कोट घालून कामावर गेल्या.

तेव्हापासून तो गिऱ्हाइकांची बटणं लावतो. आता टाकेही बरे पडतात. त्याच्या स्वतःच्या शर्टाचा गळा मात्र उघडाच असतो. नर्सबाईंनी एकदा विचारलंही, "आणि तुमचं हो?"

त्याने खिसा चाचपला. बटण होतं जागेवर.

"ते तिचं काम आहे," तो म्हणाला. "आल्यावर लावते, म्हणून सांगून गेलीय."